आलमारीमागचा डब्बा

नागपूर,
१२ नोव्हेंबर २०२२

ती. मोठी आईस,
चंदनचा शि. सा. न. वि. वि.

फोन तीनदा उचलला अन् तीनदा तसाच ठेवून दिला. म्हणून लिहितो आहे.

दिवाळीत तुझ्यासाठी टीव्ही आणला, वायफाय लावून दिलं. तरी मालिका दर दोन मिनिटांनी अटकायची. शेजारच्या शकुनबाईंचा मोबाईल आपल्या वायफायला जोडलेला दिसला, अन् मी भर आंगणात, चारचौघांसमोर त्यांना चोर म्हणालो. पासवर्डही बदलून टाकला.

काल माझ्याच घरचा टीव्ही तसाच अटकला. मेकॅनिकनं वायफायचा डब्बा लोखंडी आलमारीच्या मागून काढून उघड्यावर ठेवला, लगेच सुरळीत. म्हणाला, लोखंडाआड रेंज मरते. एका मोबाईलनं काही होत नसतं. मोठी आई, तुझ्याकडेही वायर दिसू नये म्हणून डब्बा आलमारीमागे मीच सरकवला होता.

तो काढून टीव्हीजवळ उंच ठेव. अन् शकुनबाईंना कोणत्या तोंडानं भेटू, ते सांग. मोठ्या बाबांना नमस्कार. रागव, पण माया तोडू नको.

तुझा,
चंदन

भंडारा,
१६ नोव्हेंबर २०२२

चि. चंदनले मोठ्या आईचे अ. उ. आ.

डब्बा काढून खिडकीजवळच्या फळीवर ठेवला. मालिका आता अटकत नाही, पण पाहाचं मनच होत नाही.

तुहीच चूक नाही, बाप्पा. तो पासवर्ड शकुनले मीच देला होता. तिचा नवरा फकिरा गोसीखुर्दच्या धरणात मासे पकडे. लकवा मारला तवापासून खाटेवर आहे. मोबाईलवर दंडारीचे नाच-नाटकं पाहूनच त्याचा दिवस जाते. तुह्या मोठ्या बाबाले न इचारता देला होता, म्हणून तू ओरडत होता तवा मी भेली. दारातच उभी होती, पण चूप राहिली. शकुननं एक डाव माह्याकडं पाह्यलं. माहं नाव मात्र घेतलं नाही.

काल नवीन पासवर्ड चिठ्ठीवर लिहून तिच्याकडं नेला. तिनं हातही लावला नाही. म्हणे, नोको ताई, उद्या आणखी कोणी चोर म्हणन.

पत्रातून माफी मागू नोको. जिथं बोलला, तिथंच येऊन बोल. वाट पाहून राहिली.

तुही,
मोठी आई

भंडारा,
२२ नोव्हेंबर २०२२

चि. चंदनले अ. आ.

रविवारी तू आंगणात सगळ्यांसमोर हात जोडले. मीही तुह्या मोठ्या बाबाच्या देखत सांगून टाकलं का पासवर्ड मीच देला होता. शकुन आत निघून गेली, अन् तू मान खाली घालून बसस्टँडवर गेला. म्हणून पुढचं कळवून राहिली.

काल सकाळी ती आली. मोबाईल पुढं केला. फकिरानंच पाठवलं म्हणे. तुह्या मोठ्या बाबानंच तो हाती घेऊन पासवर्ड टाकून देला. मले रागावले नाहीत. दुपारी तिच्या घरातून दंडारीची ढोलकी ऐकू आली.

शकुन अजून माह्याशी पहिल्यासारखी बोलत नाही. नळावर भेटली का बकेट भरते अन् निघून जाते. बोलन कधी तरी. तवरक मले सोसलं पाहिजे.

जेवत जा वेळेवर. आमची याद राहू दे.

तुही,
मोठी आई