‘रक्त’ शब्दाची विभक्ती

ओलोमोउत्स, ६ मार्च १९५२

प्रिय बोहदानदादास,
सा. न. वि. वि.

टपालावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र ब्लाझेनामावशीच्या हाती देते आहे. मंगळवारी बाबांना पोलिसांनी पकडून नेलं. ते दर आठवड्याला तुला आद्य स्लाव भाषेतल्या एकेका शब्दाची विभक्ती लिहून पाठवतात ना, ती म्हणे हेरांची सांकेतिक लिपी! ‘रक्त’ शब्दाचा तक्ता त्यांना खुपला : क्री, क्रुवे, क्रुव, आणि प्रत्येक रूपापुढे तारका. तारका म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, आम्ही भाषा अभ्यासणाऱ्यांनी अंदाजाने बांधलंय, असं बाबांनी दारातच समजावलं. त्यावर साहेब म्हणाला, “म्हणजे पुराव्याशिवाय लिहिता, हे कबूल.”

मला वरच्या श्टेफ्लोव्हाबाईंचा संशय येतो. हल्ली जिन्यात फार रेंगाळतात. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी
द्राहोमीरा

ब्रनो, ९ मार्च

चि. द्राहोमीरास अनेक आशीर्वाद.

त्या बाईंपासून जपून राहा. माझा पहिल्यापासूनच त्यांच्यावर विश्वास नव्हता. बाबांचे उरलेले तक्ते चुलीत घाल. कचेरीत काम फार, इतक्यात येणं जमणार नाही. लोभ असो, आणि सावधपणाही.

बोहदान

ओलोमोउत्स, १६ मार्च

दादास,
सा. न. वि. वि.

बाबा परवा सुटले. चष्मा फुटलाय, बाकी धड आहेत. श्टेफ्लोव्हाबाई रोज त्यांच्यासाठी ब्रेड आणि लोकरी मोजे घेऊन तुरुंगाच्या दाराशी उभ्या राहत होत्या. मी मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

बाबा सांगत होते, साहेबाच्या टेबलावर तुला पाठवलेला ‘रक्त’चा मूळ कागदच होता. समासात पेन्सिलीने एक शंका लिहिलेली, तुझ्या अक्षरात. दादा, तो कागद तुझ्याकडून तिथे कसा गेला?

द्राहोमीरा

ब्रनो, १९ मार्च

चि. द्राहोमीरास,

मी दिला. कचेरीत वरिष्ठांनी माझा खण उघडून विचारलं, हे काय. नोकरी जाईल या भीतीने म्हणालो, वडील पाठवतात, मला त्यातलं काही कळत नाही. तसं लिहून सहीही केली. कळत मला सगळं होतं.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतो. बाबांना सांग. लोभ मागायचं धाडस होत नाही.

बोहदान

ओलोमोउत्स, २३ मार्च

दादास,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. काल ते कोट चढवून स्टेशनवर निघाले. मी अडवलं तर म्हणाले, “पोरगा उतरायला लाजेल, कुणी समोर असलेलं बरं.”

दुपारची गाडी गेली, तिन्हीसांजेचीही गेली. तू उतरला नाहीस. तुला कुणी रोखलं, की तू गाडीत चढलाच नाहीस? तू काहीही सांगितलंस तरी मी आता चटकन विश्वास ठेवणार नाही, हे आधीच लिहून ठेवते.

बाबा आज पुन्हा गेलेत.

द्राहोमीरा