डाव्या डोळ्याची आखणी

६ ऑक्टोबर २००३, कॉव्हेंट्री
वही कधीची आणून ठेवलीय, लिहायचा कंटाळा. खोटं कशाला बोलू? लिहायला बसले की खिडकीबाहेर काहीतरी दिसतं आणि मी उठते. नोकऱ्यांचंही तसंच. मँचेस्टरला सँडविचचं दुकान, मग बेसिंगस्टोकला रिसेप्शन, कुठेच टिकले नाही. पण आज लिहायलाच हवं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या स्टुडिओत लागले! चहा करायचा, कागद लावायचे आणि कुरोसे-सान सांगतील ते. हे आमचे जपानी आर्टिस्ट, साठीचे. वीसेक वर्षांपूर्वी ओसाकात जुन्या गेमसाठी एकेक ठिपका भरून चेहरे काढायचे. मूठभर चौकोनांत रडणारा माणूस दाखवायचे म्हणे. ती कंपनी बुडाली, मग इकडे आले. मी आईच्या मैत्रिणीकडे, सुलक्षणामावशीकडे, वरच्या खोलीत राहते. ती म्हणाली, हे तरी टिकव बाई.

१४ ऑक्टोबर
कुरोसे-सान आधी पेन्सिलीने काढतात, कागद आरशासमोर धरतात, खोडतात. मग कॉम्प्युटरवर डोकं घडवतात. शेवटी कातडी. माणसाच्या चेहऱ्याचे फोटो पापडासारखे सपाट पसरायचे आणि त्या डोक्यावर चढवायचे. बघून कसंतरीच होतं. डावा डोळा रिकामा ठेवतात, काम संपेपर्यंत. टेबलावर लाल गोल बाहुली आहे, तिलाही एकच डोळा. संकल्प करताना एक रंगवायचा, पुरा झाला की दुसरा.
मी सांगितलं, पेणला बाबांच्या गणपतीच्या कारखान्यातही डोळे शेवटीच. ती आखणी मी करायचे, दहावीपलीकडे तेवढंच शिकले. त्यांनी विचारलं, डोळे उघडल्यावर मूर्ती पहिल्यांदा कोणाला बघते? मी म्हटलं, ज्याने काढले त्याला.
हसले नाहीत.

२३ ऑक्टोबर
डोकं फिरलंय माझं. आमच्या भुताच्या गेममध्ये तळघरात एक बाई लपलेली असते, ती म्हणजे मी आहे! पहिल्या दिवशी ओळखपत्रासाठी म्हणून काढलेले फोटो, तेच चढवलेत तिच्यावर. एका शब्दाने विचारलं नाही कोणी. टेस्टर, म्हणजे गेम खेळून तपासणारी पोरं, दिवसभर तिला कुऱ्हाडीने मारतात. राज, इथेच जन्मलेला, पलीकडून ओरडतो, "तनू, तुझा डोकं परत उडली!" आणि सगळे खिदळतात. हसा. तुमचा चेहरा असता तर कळलं असतं.

२९ ऑक्टोबर
गालावरचा तीळ गेलाय. कुरोसेंनी काल पडद्यावर तिच्या गालावर तीळ रंगवला आणि आज माझा नाही. भुवईतली लहानपणची खोकही बुजली. मावशीने विचारलं, काही करून घेतलंस का गं चेहऱ्याला?
कुरोसेंना गाल दाखवला. पांढरेफटक पडले. म्हणाले, ओसाकात एका मुलीचं असंच झालं होतं. पडद्यावरच्या हिचा डावा डोळा मी कधीच रंगवणार नाही, म्हणाले, आणि तू हे गाव सोड, आजच.
वा! चेहरा ठेवून घ्यायचा, मला हाकलायचं. आणि जगभर मिरवायची ती काणी तनू. का जाऊ मी? आजवर सगळीकडून मीच उठून गेले. इथून नाही जाणार.

३ नोव्हेंबर
काढला मी तो डोळा.
ते जेवायला गेले होते. पडद्यावर रंगवायचं त्यांचंच पेन, त्यांच्याच खुर्चीत. पेणची आखणी, एका दमात. आता पूर्ण आहे मी, म्हटलं, आता मारा.
तिने पापणी लववली. मग माझ्याकडे बघितलं.
कुरोसे दारात उभे होते. खाली बसून रडले फक्त.

४ नोव्हेंबर
डाव्या डोळ्याने दिसत नाही. अंधार नाही — पांढरं. न रंगवलेल्या मातीसारखं.
कामावर गेले नाही. राजचा फोन. ती बाई गेममध्ये कुठेच नाही, म्हणाला, तळघराचं दार उघडं आहे, तू काय केलंस? आवाजात मस्करी नव्हती. मी शिव्या घातल्या. कुरोसेला, राजला, सगळ्यांना. माझं होतं ते — माझं —

५ नोव्हेंबर
नाक चाचपलं. सपाट.
मावशीला हाक मारायला गेले, ओठ सुटेनात. नुसती वही उरली. आता लिहितेय तर लिहितेय, उठायचं नाही —
बेल वाजली. भर दुपारी कोण?
मावशी दारात बोलतेय. हसतेय. म्हणतेय, अगं तनू, तू बाहेर कधी गेलीस? ये ये, तीळ किती छान दिसतोय परत! चहा टाकते, तू वर जा.
मावशी, मी वर आहे. मी वर —
जिना वाजतोय. ती माझ्यासारखीच चढते, एक पायरी गाळू