केटलीच्या हीटरवर चालणारे इंजिन व माझी इतर मालमत्ता

खेळण्यातले वाफेचे इंजिन काल दुपारी पहिल्यांदा फिरले. शेजारी केशवराव गभणे यांनी ते स्वतः पाहिले. मी पाहिले नाही; वायर जळल्याचा वास आला म्हणून मी मेन स्विचकडे धावलो होतो. "चाक फिरलं जी, खोटं काहून सांगू?" असे केशवराव म्हणतात. तेच या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने त्यांच्यावर विश्वास ठेवणे मला भाग आहे.

मी, कवडू सीताराम सेलोकर, वय ७१, धंदा शेती, पूर्वी राइस मिलमध्ये बॉयलर अटेंडंट, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नी कुंताबाईचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव कुंताबाईला.

२. तलावाखालची धानाची बांधी मुलगा चंद्रकुमार व मुलगी मोना यांना निम्मी निम्मी. धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, आंबा दोघांचा. आंब्यावरून भांडल्यास मी बघायला नसेन, म्हणून भांडू नये.

३. पाने, पक्कड व सोल्डरिंगचे सामान मोनाला. चंद्रकुमारने पेचकस हातात घेतला की त्याचा फोन वाजतो.

४. चंद्रकुमारने आईसाठी आणलेल्या विजेच्या केटलीचे रिकामे भांडे त्याला परत. आतला हीटर कुठे गेला ते पुढच्या कलमात.

५. चिखला गावच्या मँगनीज खाणीतले एक साहेब बदलून गेले, तेव्हा त्यांच्या अडगळीतून हे इंजिन मला मिळाले. बॉयलर पितळी, तांब्याएवढा. त्याचा मूळचा विजेचा हीटर जळालेला. मिलच्या बॉयलरला मी जन्मभर धानाचे तूस घातले, म्हणून याच्याखालीही तूसच पेटवले. सांध्यांना दिलेला डाग वितळला, धुराडे गळून पडले, पितळ तव्यासारखे काळे झाले. चिंच लावून ते घासायला कुंताबाईच बसली. नंतर मी तिचीच केटली फोडून हीटर त्यात बसवला. ती म्हणाली, "अजी, माह्या केटलीचं पोट फाडलं तुमी. आता मी त्याच्याकडं पायतच नाही." काल इंजिन फिरले तेव्हा तिची पाठ होती.

मिलमध्ये बॉयलरजवळ बायकांना जाऊ देत नसत. ती डबा गेटवर देऊन परतायची. "तुमी अंदर दिवसभर करता काय?" हे ती लग्नापासून विचारते. वाफ करतो, असे मी सांगितले, तर म्हणाली, "वाफ तं मीबी करते चुलीवर." त्या वाफेने चाक कसे फिरते हे तिने एकदा पाहावे, यासाठी हा सगळा खटाटोप. म्हणून इंजिन तिलाच. इतर कोणी ते विकू नये.

६. हीटर पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय बटण दाबू नये. सेफ्टी व्हॉल्व्ह बोटाने दाबू नये. नोकरीत यासाठी मी पोरांना शिव्या घातल्या आणि घरी स्वतः दाबला. नोंदणीच्या वेळी डाव्या अंगठ्याचा ठसा पुसट उठल्यास मला तोतया समजू नये.

७. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. बरे झाले. मला गावात 'केटलीवाला' म्हणायला केशवरावांनीच सुरुवात केली.

हा मसुदा घरात वाचून दाखवला. पाचवे कलम ऐकून कुंताबाई म्हणाली, "मेल्यावर कायले देता? जिते आहा तंवर चालवा ना! उद्या पाणी मीच टाकते." नवी वायर आणली आहे. वीज राहिली तर उद्या दुपारी इंजिन सुरू होईल. मेन स्विचजवळ या वेळी केशवराव उभे राहतील. मी कुंताबाईशेजारी बसेन.

ठिकाण: आंधळगाव
दिनांक: ९ जानेवारी २०२५

सही: कवडू सीताराम सेलोकर

साक्षीदार:
१. केशवराव गभणे (चाक फिरताना पाहिले)
२. उषाबाई बांते, कुंताबाईची बहीण (पाहिले नाही, उद्या बघायला येणार)