पाटावरचा दगड

कालव्याखालचं रान, धायरी
७ जानेवारी २०२५

चि. तेजस्विनीस काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मी रागावलो की तू हसतेस आणि माझा राग वाया जातो, म्हणून पत्र. मार्केट यार्डात आडत्याकडे तीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळला आहे, रागाचं पत्र मला चांगलं लिहिता येतं. उत्तरही पत्रानेच पाठव.

परवाच्या रविवारी तुझ्या ऑफिसची वीस मंडळी कालव्याच्या कडेने आली, टेकडी करून आमच्या बांधावरून गेली. त्याला माझी ना नाही. पण बांधावरून म्हणजे बांधावरून, हरभऱ्यातून नव्हे. एका गृहस्थाने मला विचारलं की हरभरा कोणत्या झाडाला लागतो. मी म्हटलं, आपण ज्यावर उभे आहात त्याला. तो मला थँक्यू म्हणाला.

एक काम मात्र चांगलं केलंत. पाण्याच्या पाटात पाय ठेवायला दगड टाकलात. इतकी वर्षं मी तो पाट उडी मारून ओलांडायचो आणि तुझी काकू घरातून ओरडायची. आता हातात बादली असली तरी जाता येतं.

खरी बातमी पुढेच आहे. दादा संक्रांतीला येतो म्हणाला आहे. तुझे वडील आणि मी सख्खे भाऊ, रानाला रान लागून, पण बांध कोणी कोरला यावरून सहा वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी प्यालो नाही. दिवाळीत त्याने फराळाचा डबा पाठवला, मी त्यात वालाच्या शेंगा भरून परत केला, त्यावर गाडी इथवर आली. तेव्हापासून मला धड झोप नाही. त्याच्याशी काय बोलायचं ते ठरवतो आणि विसरतो. अंगणात येरझाऱ्या घालून काकूला वैताग आणला आहे. वरच्या कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडाला तेवढा चुना लावायचा राहिला आहे. पावसात तिथला बांध खचला आणि गवत माजलं, दगड दिसेनासा झाला. दादाला तो पांढरा स्वच्छ दिसायला हवा.

इकडची काळजी नको, तुझी आम्हाला आहेच.

तुझा,
संभाजीकाका


हिंजवडी
११ जानेवारी २०२५

ती. काकांस तेजूचा शि. सा. न.

राग पोचला. हसले, पण ते तुम्हाला ऐकू आलं नसेल, तेव्हा यावेळी तो वाया गेला नाही असं समजा. हरभऱ्यातला तो समर्थ. शेतकरी किती प्रेमाने माहिती देतात हे तो ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरतोय.

पाटातल्या दगडाचं श्रेयही त्याचंच. शर्मिला मॅडम, आमच्या मॅनेजर, पाटाशी येऊन अडल्या. उडी मारेनात आणि मागेही फिरेनात. समर्थने आणखी चौघांना हाताशी धरून कुठून तरी एक धोंडा आणला. मी पुढे गेले होते, ती मर्दुमकी पाहायची राहिली.

काका, रविवार नसता तर मला वेड लागलं असतं. सहा दिवस खुर्ची, मग कंपनीची बस, ती चौकात दीड तास उभी. बसल्या जागी माझे पाय हलत राहतात, शेजारची मुलगी डोळे वटारते. कालव्याच्या रस्त्याला लागले की ते शांत होतात, आणि डोकंही. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी लागली आहे.

मी तुमच्याकडे येते हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं मी मैत्रिणींबरोबर सिंहगडावर जाते. संक्रांत नीट पार पडली की सांगेन. त्यांनी पांढरा सदरा कडक इस्त्री करून आणलाय. गुडघा दुखतो तरी काठी घ्यायला तयार नाहीत, धाकट्या भावापुढे काठी टेकत जाणार नाही म्हणतात. तुम्ही आपणहून हात द्या, ते मागणार नाहीत.

काकूंना सा. न. आणि तुमचा राग असाच राहू द्या, तो नसला की चुकल्यासारखं वाटतं.

तुमची,
तेजू


कालव्याखालचं रान, धायरी
१६ जानेवारी २०२५

चि. तेजस्विनीस आशीर्वाद.

संक्रांत झाली. तिळगूळ डब्यात तसाच आहे.

आदल्या दिवशी संध्याकाळी चुन्याची बादली घेऊन वरच्या कोपऱ्यात गेलो. गवत कापलं तर खाली नुसता खड्डा. हद्दीचा दगड नाही. वाटणी झाली त्या वर्षी, एकोणतीस वर्षांपूर्वी, दादाने आणि मी तो दोघांनी मिळून उचलून रोवला होता. तो कोणाला हवासा वाटणार? ज्याला हद्द सरकवायची आहे त्यालाच. मी तरी तसंच धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी दादा आला. पांढरा सदरा, काठी नाही, लंगडत. मी हात द्यायला हवा होता, पाणी विचारायला हवं होतं. मी विचारलं, दगड कुठं हाय. तो म्हणाला की सहा वर्षांत त्याने त्या कोपऱ्यात पाऊल टाकलेलं नाही, दगड मीच काढला आणि आता उलटा चोर म्हणून ओरडतो आहे. काकू ताट घेऊन येईस्तोवर तो रिक्षात बसला होता.

मोजणीचा अर्ज लिहून ठेवला आहे, सोमवारी सत्तावीस तारखेला देणार. अर्ज गेला की पुढे कोर्ट आहे हे मला कळतं. मग आमच्यातला जो आधी जाईल त्याला खांदा द्यायला दुसरा येणार नाही, हेही कळतं. पण आता मागे येववत नाही.

तुझ्या मंडळींना इतक्यात आणू नकोस. हे लिहिताना तीन वेळा उठून रानात फिरून आलो. सगळं डळमळलंय, तुमचा पाटातला दगड तेवढा पक्का आहे.

तू मात्र आमच्या भांडणापायी मला तोडू नकोस.

संभाजीकाका


हिंजवडी
२० जानेवारी २०२५

ती. काकांस शि. सा. न.

फोन करून थकले. काकू म्हणाल्या, तुम्ही तो बंद करून फडताळात टाकलाय. म्हणून हे स्पीड पोस्टाने.

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. काहीतरी टोचत होतं, काय ते कळेना. शेवटी त्या रविवारचे फोटो काढून बसले. एका फोटोत पाच जण धोंडा उचलून दात काढून हसतायत. धोंडा लांबट आहे, घडीव आहे आणि त्याच्या एका अंगाला जुना चुना आहे. समर्थला विचारलं. तो म्हणाला, गवतात आडवा पडला होता, कोणाच्या कामाचा वाटला नाही. टीशर्टला लागलेलं पांढरं त्याने पक्ष्याचं समजून धुऊन टाकलं. चुन्याची बाजू खाली करून त्यांनी तो पाटात घातला.

काका, तुमचा हद्दीचा दगड कोणीही चोरलेला नाही. तुम्ही रोज त्याच्यावर पाय देऊन जाताय.

काल धायरी गावातल्या घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं, मी तुमच्याकडे येते तेही. त्यांनी टीव्ही बंद केला. किती रविवार, एवढंच विचारलं. मी म्हटलं अकरा. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि मी निघेपर्यंत आत आले नाहीत. मला फार लाज वाटते आहे. माझ्या दोन घटकांच्या शांतीपायी तुमची सहा वर्षांनी आलेली संक्रांत गेली. हवं तेवढं रागवा, पण माझ्यावर. अर्ज देऊ नका, तुमच्या पाया पडते.

तुमचीच, अजून म्हणत असाल तर,
तेजू


कालव्याखालचं रान, धायरी
२७ जानेवारी २०२५

चि. तेजूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पहार घेतली, पाट वर बांधून पाणी अडवलं आणि दगडाची कड उचकून खाली बोटं घातली. चिखलाबरोबर चुना निघाला. सतरा-अठरा दिवस त्याच्यावर पाय देऊन जात होतो आणि भावाला चोर म्हणत होतो. तिथेच बसलो आणि रडलो, तुला सांगायला कसली लाज.

धायरी गावात दादाकडे कोणत्या तोंडाने जावं याचा विचार रात्रभर केला. शुक्रवारी सकाळी कुत्रं भुंकायला लागलं म्हणून बाहेर आलो, तर कालव्याच्या रस्त्याने एक म्हातारा येताना दिसला. हातात काठी. दर पन्नास पावलांवर थांबायचा. दादा होता. गावातून दीड तास चालत आला, रिक्षा नाही, काही नाही. घरात बसवंना, म्हणाला. तुझ्या पायातली भिंगरी कुठून आली ते त्या दिवशी कळलं, तुझ्या आईला सांग.

पाटाच्या पलीकडे तो थांबला. मी अलीकडे. ठरवून ठेवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. त्याने काठी पुढे टेकली, दगडावर पाय ठेवला आणि मी हात दिला.

चहा झाल्यावर दगड जागी न्यायला गेलो. एकोणतीस वर्षांपूर्वी दोघांनी उचललेला, आता तसूभर हलेना. दोघेही त्याच्यावरच धापा टाकत बसलो. मग दादा म्हणाला, खड्ड्यात शेवग्याची फांदी लावू, तीच हद्द. मी म्हटलं, शेंगा कुणाच्या? त्यावर तासभर कडाक्याचं भांडण झालं, सहा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. आज सोमवार. अर्ज गेला नाही. काकूने तो बंबात घातला.

दगड पाटातच राहील. तो जागी नेला तर दादा इकडे येणार कसा? खाली तो दोन ओळी लिहितो म्हणतोय. आम्हा दोघांनाही धरून राहा.

तुझा,
संभाजीकाका

तेजू, मी बाबा. अकरा रविवार तू मला सोडून आलीस. बाराव्याला यादीत माझं नाव घाल, मी हळू चालतो हे सगळ्यांना आधीच सांगून ठेव. आणि त्या समर्थला म्हणावं, आता त्या दगडाला कोणी हात लावायचा नाही.