दगडाखालची फणी

सर,

तुमचा दगड बहुतेक परत जाईल. हे तुम्हाला कळवायची तशी गरज नाही, तुम्हाला जाऊन सात पावसाळे झाले. पण संग्रहालयाच्या पहिल्या दालनात तुमचा फोटो आहे, त्याखाली 'जिल्ह्यातील महापाषाणीय संस्कृतीचे संशोधक' अशी पाटी आहे, आणि त्या पाटीचं काय करायचं हा प्रश्न आता माझ्या टेबलावर आहे. तुमच्या टेबलावर, म्हणजे. खुर्ची मोडली म्हणून बदलली, टेबल तेच आहे.

मी आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी आणि वस्तूंच्या जतनाचं एक वर्षाचं प्रशिक्षण, एवढं माझ्याजवळ होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "तू साफ कर, मोज, लिहून ठेव. अर्थ लावायला मी आहे." दर शनिवारी शाळांच्या सहली यायच्या. त्या तुम्ही स्वतः फिरवायचात. मुलांना भिंतीला पाठ लावून उभं करायचं, हातात काही धरू द्यायचं नाही, आणि मधूनच एखाद्याकडे छडी रोखून विचारायचं, "हे नाणं कोणत्या धातूचं? नाही माहीत? मग डोळे कशाला आणलेस सोबत?" एकदा तुम्हाला ताप होता म्हणून मी चाळीस मुलांना तोफगोळा दाखवत होते. बोलता बोलता माझ्या तोंडून 'मले वाटते' निघालं. तुम्ही दारातच उभे होतात. "ब्रह्मपुरीच्या धानाच्या बांधीवरून थेट इथेच आलीस का? आधी तोंडाला लागलेला चिखल धुऊन ये, मग इतिहास सांग." मुलं हसली. माझे वडील बांधीत राबत नव्हते, शिक्षक होते. मी ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी तुमच्यासारखं बोलायला लागले, आणि आता मला दुसरं बोलता येत नाही. घरी गेले की आई म्हणते, "काऊन वो, पाहुण्यावानी बोलतं?"

तो दगड आपण आणला त्या उन्हाळ्यात आपला जिल्हा अजून फुटून दोन व्हायचा होता. एटापल्लीच्या पुढे जंगलात, रस्त्याच्या कडेला सात-आठ दगड रांगेत उभे होते. गाव रिकामं होतं, सगळे तेंदूपत्ता तोडायला गेलेले. जीपमागच्या ट्रॉलीत मावेल असा सगळ्यांत लहान दगड तुम्ही निवडलात. ड्रायव्हर खाली उतरलाच नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "साहेब, हे मेलेल्या मानसाचे दगड होत. माडिया लोक उभे करते. कोनाचा तरी असन, काऊन नेता?" तुम्ही म्हणालात, "कोणाचा तरी म्हणजे कोणाचाच नाही. तू गाडी चालव." सोबत नेलेल्या मजुरांनी दगड उपटला. बुडाशी साधारण वीस सेंटिमीटर खोल मला एक फणी सापडली. लाल, प्लास्टिकची, तीन दात मोडलेली. मी ती तुमच्यासमोर धरली. प्लास्टिक आणि महापाषाणयुग यांचं एकत्र काय करायचं, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. तुम्ही फणीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. "उंदरांनी नेली असेल. फेकून दे." मी फेकली नाही. पाकिटात घातली, वर खोली आणि तारीख लिहिली, आणि माझ्या खणात ठेवली. बोलले मात्र काही नाही.

दगड अंगणात सिमेंटच्या जोत्यात बसवला. तुम्ही सांगितलंत तसा मी फलक रंगवला: 'महापाषाणीय स्मारकशिळा, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची.' रजिस्टरात जोत्यापासूनची उंची लिहिली, एकशे अठरा सेंटिमीटर. नागपूरहून लोक पाहायला आले. वर्तमानपत्रात तुमचा फोटो आला, दगडावर हात ठेवलेला.

मग दिवाळीनंतर आश्रमशाळेच्या मुलींची सहल आली. निळे फ्रॉक, तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या. तुम्ही दगडापाशी उभं राहून नेहमीचं वाक्य म्हणालात, "ज्यांनी हा उभारला, त्यांचं नाव-गाव काहीही उरलेलं नाही."

मागच्या रांगेतून आवाज आला, "उरलं हाय, सर."

"काय उरलं?"

"नाव. हा माह्या आजीचा दगड हाय." बारा वर्षांची असेल. तुमच्याकडे नव्हे, दगडाकडे बघत बोलत होती.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "तुझी आजी अडीच हजार वर्षांची होती का गं?"

"नाई सर. मी लहान होती तवा मेली. बाबानं अन् काकानं डोंगरावरून आनला दगड. हे पाहा, इथी पांढरी रेघ हाय. खाली तिची फनी ठेवली होती. लाल. बाजारातून आनलेली."

माझा खण तिथून पंधरा पावलांवर होता. मुलगी थांबली नाही. "आमच्याकडं दगड वाढते, सर. मेलेला मानूस खुश असला का वाढते. तुमी सिमेटात काऊन गाडला? आता वाढन कसा?"

त्यानंतरचं मला मिलिमीटरपर्यंत आठवतं. मी रजिस्टर आणलं, कापडी टेप काढला, सगळ्यांसमोर दगड मोजला. "आणला तेव्हा एकशे अठरा. आज एकशे अठरा. एका केसाचाही फरक नाही," मी म्हणाले, आणि रजिस्टर तिच्यासमोर धरलं. "म्हणजे तुझी आजी खुश नाही." तिच्याच वर्गातल्या मुली हसल्या. सोबत आलेले मास्तर हसले. तुम्ही हसलात का, ते मी पाहिलं नाही. ती रडली नाही. टेपकडे बघून तिने एवढंच विचारलं, "बराबर मोजलं का, मॅडम?"

"बरोबर मोजलं," मी म्हणाले.

संध्याकाळी तुम्ही तुमचा स्वतःचा पोलादी टेप, चामड्याच्या डबीतला, माझ्या टेबलावर ठेवलात आणि घरी गेलात. मी ती शाबासकी समजले. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. शोकसभेत मी तुमच्या अचूकपणाबद्दल बोलले. अचूक मी होते. तुम्ही फक्त ठाम होतात. पण सभेत असं बोलत नाहीत.

या हिवाळ्यात ती पुन्हा आली. आता ती स्वतः आश्रमशाळेत शिकवते, तीस मुलं घेऊन आली होती. मी तिला ओळखलं नाही. सहल मीच फिरवते, मुलांना भिंतीला पाठ लावून उभं करते. दगडापाशी येऊन मी तुमचं वाक्य म्हटलं, शब्दही न बदलता. नाव-गाव काहीही उरलेलं नाही. तिने मुलांकडे वळून माडियात काहीतरी सांगितलं. ज्यांच्या पायात चपला होत्या त्या सगळ्यांनी त्या काढल्या. मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, मोजता का आता?"

तेव्हा ओळखलं. मी तुमचा टेप आणला. एकशे अठरा सेंटिमीटर आणि नऊ मिलिमीटर. पुन्हा मोजलं. तेवढंच.

"वाढला," ती म्हणाली.

मी लगेच कारण सांगितलं. जोत्याच्या सिमेंटचा वरचा थर दोन पावसाळ्यांत झडला आहे, म्हणून बूड तेवढं उघडं पडलं, दगड होता तेवढाच आहे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि हसली. "आमच्या गावातले बी तसेच वाढते, मॅडम. माती धुपते, दगड वर येते. आमाले दिसत नाई का ते? तुमाले वाटलं, आमी दगडाले भात चारून मोठा करतो?" मुलं हसली. कोणाला हसली, ते सांगायची गरज नाही.

जाताना तिने अर्ज दिला. दोन पानं, सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. पहिला मुद्दा, दगड आमचा आहे. दुसरा, पुरावा म्हणून खालच्या फणीचं वर्णन. तिसरा, 'संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी सर्वांसमोर दगड मोजून माझ्या मृत आजीची चेष्टा केली, त्याचा खुलासा व्हावा.' वरिष्ठांनी अर्ज अहवालासाठी माझ्याकडेच पाठवला.

अहवाल आज पुरा केला. दगड अलीकडचा आहे, तो परत द्यावा, असं स्पष्ट लिहिलं. पाकिटासह फणी जोडली. ती मला सापडली, मी तुम्हाला दाखवली आणि तुम्ही काय म्हणालात तेही लिहिलं, उंदरांसकट. तुमची पाटी यामुळे उतरेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. तिसऱ्या मुद्द्यावर लिहिलं, 'तत्कालीन प्रमुखांच्या सूचनेवरून मोजमाप घेण्यात आले. शेरा त्यांचाच होता.' तुम्हाला ओळखणारे वाचतील आणि म्हणतील, हो, होतेच ते तसे. कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

सर, त्या दिवशी तुम्ही कसलीही सूचना दिली नव्हती. मुलीने फणीचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही चष्मा हळूच डोळ्यांवर घेतलात, आणि ती बोलायची थांबल्यावर इतकंच म्हणालात, "चला, पुढच्या दालनात चला." तुम्ही वळलासुद्धा होतात. टेप मी काढला.

हे पत्र टपालात जाणार नाही. अहवाल उद्या सकाळी जाईल. तिसरा मुद्दा मी बदललेला नाही.