आईच्या गुडघ्याचं पान

२ जून

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुझ्या हॉस्पिटलनं तू तयार केलेलं व्यायामाचं पान तिच्या फोनवर पाठवलं. तिला फोनवर वाचवत नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी ते छापून दिलं. तुझी काळीभोर पार्श्वभूमी छापता छापता त्यांच्या प्रिंटरची शाई संपली, ते सोड. पण ‘दुखल्यास काय करावे’ असं शीर्षक, पुढे एक नाजूक बाण, आणि खाली कोरा कागद! फोनवर बाण दाबला की मजकूर उघडतो म्हणे. आईनं कागदावरचा बाणही दाबून पाहिला. मग चष्मा लावून पुन्हा दाबला. काहीच उघडेना, तेव्हा दुखल्यावर काहीच करायचं नसतं असं समजून बाई आठवडाभर पडून राहिल्या.

या पानाला बक्षीस मिळालं होतं ना? देणाऱ्यांचे गुडघे धड असणार.

मी पडले पुस्तकांची पानं मांडणारी जुनाट बाई. आईसाठी मीच पुस्तिका करतेय. तुलाही फाइल पाठवते, जरा शीक.

लोभ आहे. वाढवायचा का, ते तुझं उत्तर आल्यावर बघू.
तुझी ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाणाचं माझं चुकलं. छापताना सगळं आपोआप उघडं राहील, पांढऱ्यावर काळं येईल, अशी सोय आता केली आहे.

तुझी पुस्तिका मी साहेबांना दाखवली. ते इतके खूश झाले की त्यांनी ती जशीच्या तशी सगळ्या पेशंटच्या फोनवर धाडली. तुझे ते देखणे दोन रकाने! अक्षर मोठं करावं तर ओळ काठाबाहेर पळते. डावा रकाना वाचत तळ गाठायचा, की उजव्यासाठी पुन्हा वर चढायचं. ‘पान सात पाहा’ म्हणतेस, पण फोनवर पान सात कुठे असतं? एका आजोबांनी दोन्ही रकाने सरळ आडवे वाचले. डावीकडे ‘पाय हळूच उचला आणि’, उजवीकडे बर्फाच्या पिशवीबद्दलचं ‘फ्रीजमध्ये ठेवा’. पाय वरच्या कप्प्यात ठेवायचा की खालच्या, हे विचारायला त्यांचा फोन आला. तो मी घेतला. तुझ्या वतीनं.

तुझ्या लोभाची सध्या पुरेशी भरती आहे. आणखी नको.
धाकटी

५ जुलै

चि. थोरली आणि चि. धाकटी,
दोघींना आशीर्वाद. वि. वि.

एकच मजकूर दोघींना लिहितेय. तो सुंदर करायच्या भानगडीत कोणी पडू नये.

थोरलीची पुस्तिका मिळाली. कागद छान आहे. धाकटीचं सुधारलेलं पानही काकूंनी छापून दिलं. आता त्यात मजकूर आहे. दोन्ही वाचून व्यायाम सुरू केला.

तुमचे फोनही आले. अक्षर पुरेसं मोठं आहे का, हे धाकटीनं विचारलं. ओळींमधली जागा बरी वाटते का, हे थोरलीनं. कुणाचं जास्त चांगलं, हे दोघींनी विचारलं. गुडघा कसा आहे, हे काकूंनी विचारलं.

बरा आहे. काल त्यांचा हात धरून कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत चालत गेले. तिथे टेकल्यावर त्यांनी मुली काय काम करतात ते विचारलं. मी म्हटलं, “माणसांना काय हवंय ते ओळखून कागद करतात.”

काकू हसल्या नाहीत. फार सभ्य बाई आहेत.

माझा लोभ आहे तसाच आहे.
आई