पट्ट्याचा निवद

आबा, आधी माफ कर. शुद्धलेखन मला येत नाही, चौथीतच शाळा सुटली, आणि हे टाइपचं मशीन मी फार हळू चालवतो. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, मग वेलांटी कुठं आहे ते बघत बसायचं. जेवणाची सुट्टी आहे, ऑफिसात कोणी नाही, म्हणून तुला लिहितोय. तोंडानं मला कोणाशी धड बोलता येत नाही. तुझ्याशी तर कधीच आलं नाही. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, आता निदान तू मधे बोलणार नाहीस.

मी तुझ्याच जिनात, त्या कापसाच्या कारखान्यात आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागतात, होळीपर्यंत सरकी काढायचे रेचे चालतात, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. सगळं तसंच आहे. इंजिन तो लांब दांडा फिरवतं, दांड्यावरून प्रत्येक रेच्याला एक चामडी पट्टा. पट्टा सुटला की रेचा बंद आणि त्याच्यावर कापूस घालणारी बाई हात बांधून बसते. इंजिन थांबवायचं नाही, शेठ ओरडतो. दांडा फिरत असतानाच पट्टा परत चढवायचा. ते काम तुझं होतं. पट्टा पडला की तू सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावायचास. म्हणायचास, मंत्र म्हणतो, बघू नका. सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. फट्ट असा आवाज यायचा, मागे वळून बघावं तर पट्टा चढलेला आणि तू हात पुसत असायचास. तुझी दहाच्या दहा बोटं शाबूत होती. लोक यात्रेत देवाचं बघावं तसं तुझ्या बोटांकडे बघायचे.

तू जुन्या पट्ट्याच्या चामड्याचे मला जोडे करून दिले होतेस. मी सहा वर्षांचा असेन. ते घालून मी घरभर टपटप करत फिरत होतो आणि खाटेखाली मला बांबूचा एक हातभर तुकडा सापडला, टोकाला चामडं गुंडाळलेलं. मी तो घेऊन बाहेर पळालो. तू एवढ्या जोरात मारलंस की कान दोन दिवस वाजत होता. मला वाटलं, जोडे घालून धावलो म्हणून मारलं. मी ते जोडे परत घातलेच नाहीत.

ते सुरती मिस्तरीचं तू घरी पुन्हा पुन्हा सांगायचास. शेठनं त्याला सुरतेहून आणला, आणि इथल्या एकाला शिकव म्हणाला. तो एक म्हणजे तू. त्यानं तुला धड शिकवलं, काही हातचं ठेवलं नाही. तू शिकलास, त्याच आठवड्यात शेठनं त्याची पेटी स्टेशनावर पाठवली. तूच ती डोक्यावर नेलीस. गाडी सुटताना तो तुला नमस्कार करत होता म्हणे. त्या दिवशी तू घरी येऊन मायला म्हणालास, "माले त्या गाडीमा बसनं नही."

मग शेठ तुझ्याकडे आला. चार जण तयार कर म्हणाला. तू नाही कसा म्हणणार? तू शिकवलंस. तेल कुठं घालायचं, पट्टा कसा शिवायचा, दांडा तापला तर कसा ओळखायचा, सगळं खरं शिकवलंस. चढवायचं मात्र उलटं शिकवलंस. म्हणालास, पट्टा मुठीत धर. घट्ट धर, सोडू नको. त्यांनी धरला. एकाची करंगळी गेली, तो घाबरून गावी पळाला. दुसऱ्याचं नख, तिसऱ्याचं मनगट मोडलं. चौथा टिकला, त्याचा अंगठा अर्धा गेला, आणि तोच तुझ्यामागून मिस्तरी झाला. त्याला तू सांगितलंस, पट्टा पहिल्यांदा एक निवद घेतो, मग जन्मभर काही करत नाही. ते सगळ्या जिनात पसरलं. बोट गेलं की रडायचं नाही, गूळ वाटायचा. आणि अवघड पट्टा पडला की तुलाच बोलवायचं, भिंतीकडे तोंड करायचं.

तुला हिवताप आला, तू खाटेवर पडलास, शेवटच्या दिवशी मिस्तरी तुझ्या पायाशी बसला होता. मी कोपऱ्यात होतो. त्यानं वाकून विचारलं, "उस्ताद, काही सांगानं ऱ्हायनं का?" तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस, मग त्याच्याकडे. म्हणालास, "काहीच नही. समदं सांगेल शे तुले." तेव्हा तुला कोणी गाडीत बसवणार नव्हतं, आबा. तू दुसऱ्याच गाडीत बसला होतास. तरी सांगितलं नाहीस.

गेल्या वर्षी मिस्तरीनं मला हाताखाली घेतलं. उस्तादचा पोरगा म्हणून मोठ्या मानानं घेतलं. रेच्यासमोर नारळ फोडला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं. स्वतःचे कान धरून म्हणाला, "उस्ताद सांगी गया, मूठमा धर. भिऊ नको. तुन्हाच बापनं काम शे." मी धरला. घट्ट धरला. तू सांगितलं होतंस ना, म्हणून जरा जास्तच घट्ट.

दुखलं नाही लगेच. आधी बायांच्या तोंडाकडे बघून कळलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. बाया हातावर कापूस दाबत होत्या, तो लाल झाला की दुसरा दाबत होत्या. कापसाला तिथं काय तोटा. आणि मिस्तरी रडत रडत हसत होता. म्हणाला, निवद दिला, आता हा खरा मिस्तरी झाला. त्यानं दुकानातून गूळ आणून सगळ्या जिनात वाटला. माझ्याही तोंडात खडा घातला. मायनंसुद्धा खाल्ला.

मी मिस्तरी झालो नाही. हात चिघळला, मूठ वळेना. लिहिता वाचता येतं म्हणून शेठनं मला ऑफिसात बसवलं. हे मराठी मशीन त्यानं मुंबईहून आणलेलं. धुळ्याच्या कारकुनानं मला महिनाभर शिकवलं आणि तो लढाईच्या खात्यात भरती झाला. सगळेच तिकडे चाललेत आबा. फिटर गेले, इंजिनवाला गेला, मोठ्या गावच्या कारखान्यांनी बाकीचे ओढले. कापूस अंगणात पडून आहे आणि हात नाहीत. म्हणून शेठ या हंगामात म्हणाला, इथलेच सहा जण शिकवून काढा, बायकाही चालतील, त्यांना या कामाला बंदी आहे म्हणून इन्स्पेक्टर आला की लांब बसवा. मला म्हणाला, "छोकरा, मिस्तरी बोले ते टाइप कर, भिंतीला चिकटव." मिस्तरी बोलत गेला, मी दाबत गेलो. "पट्टा मुठीत घट्ट धरावा." हे वाक्य मी माझ्या उरलेल्या तीन बोटांनी टाइप केलं. मला काही वाटलं नाही. डाव्या हाताचं एक बोट मदतीला होतं.

त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून मी मायला सांगत होतो की शेठनं आबाचं शिक्षण भिंतीला लावलं. ती खूश झाली. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुन्हा बाप भलता हुशार. मी एक दिन डबा लई गऊ, मांगना दारथीन. समदा भितडाकडे तोंड करीसन उभा. मी देखं. त्याना हातमा बांबू व्हता, चामडं गुंडायेल. बांबूवरी लोटी दिन्हा पट्टा. हात लायाच नही." मग लाजून हसली. म्हणाली, "माले बोलना, कोनले सांगू नको. मी आजलोंग कोनले नही सांगं."

मी माझा हात तिच्यासमोर धरला. ती बघत राहिली. तव्यावरची भाकरी जळायला लागली. मग म्हणाली, "मिस्तरीले माहीत नव्हतं?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनं जळकी भाकरी उलटली, माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, "आते सांगीसन तुन्हा बोटं येतीन का? ही खोली शेठनी तुन्हा बापना नाववर देयेल शे. गप ऱ्हाय."

मी गप्प राहिलो. दोन दिवस. मला गप्प राहायला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शिकणाऱ्यांतल्या एका बाईनं पट्टा धरला. दहा हंगाम रेच्यावर बसलेली बाई, दिसेल त्याची थट्टा करणारी. मी खिडकीतून बघत होतो. पट्ट्यानं हात ओढला, बांगड्या फुटल्या, काचा मनगटात घुसल्या. बोटं वाचली, कशी ते देवाला माहीत. मिस्तरी म्हणाला, "निवद ऱ्हायना अजून. उद्या परत."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर येऊन कागद नवा केला. "पट्टा धरू नये. बांबूने लोटावा." जुना फाडला, नवा चिकटवला आणि ऑफिसात जाऊन बसलो. मला वाटलं, झालं. मला बोलावं लागणार नाही. थोड्या वेळानं तीच बाई दारात, मनगटाला चिंधी. "ओ तीन बोटना कारकून! काय चिकाडी ऊना भितडाले? आम्हाले वाचता येस का? तोंडवरी सांग ना. तोंडबी पट्टामा गयं का?" बाकीचे पाच हसले. सातपुड्यातून आलेले दोघे पावरे होते, त्यांना आमची बोलीसुद्धा अर्धीच कळते, तेही हसले.

मी उठलो. दारामागचा झाडूचा बांबू घेतला, त्याला फडकं गुंडाळलं, आणि रेच्यापाशी गेलो. एकाला पट्टा पाडायला लावला आणि बाजूला उभं राहून लोटला. फट्ट. तोच आवाज, आबा. कोणाचं तोंड भिंतीकडे नव्हतं. मी म्हणालो, "धरू नका. लोटा. मन्हा बाप असाच करे. तुम्हाले खोटं सांगी गया." एवढं मी जन्मात कधी मोठ्यानं बोललो नव्हतो.

मिस्तरी आला आणि त्यानं मला एक थोबाडीत दिली. उस्तादचं नाव घेतोस म्हणाला. मग माझ्या हातातून बांबू घेतला, स्वतः पट्टा पाडला, स्वतः लोटला. पुन्हा पाडला, पुन्हा लोटला. चार वेळा. पाचव्या वेळी त्यानं बांबू खाली ठेवला, सरकीच्या पोत्यावर बसला आणि आपला अर्धा अंगठा बघत राहिला. मला म्हणाला, "मंग मन्हा अंगठा फुकट गया का रे?" बाई पण हसली नाही.

संध्याकाळपर्यंत सहाही जण पट्टा चढवत होते. शेठ बघायला आला, खूश झाला. म्हणाला, "बांबूथी थाय छे? तो पछी मिस्तरीनुं शुं काम?" चार दिवसांनी मिस्तरीला रजा दिली. कायमची. ती चिठ्ठी मीच टाइप केली. त्याला गाडीनं जायचं नव्हतं, तो प्रकाशा गावचा, चालतच गेला. जाताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे शेठचं तू ओळखलं होतंस ते खरं होतं. ते मी खोटं म्हणत नाही. पण त्या पोराची करंगळी, मिस्तरीचा अंगठा आणि माझी दोन बोटं, हे सगळं तू तुझी पेटी स्टेशनावर जाऊ नये म्हणून दिलंस, आणि गूळ आम्हाला वाटायला लावलास. खोली अजून आहे. माय माझ्याशी बोलत नाही, भाकरी ढकलते फक्त.

हे पत्र कुठं टाकणार, तुला पत्ता नाही. घडी करून मशीनखाली ठेवीन. एवढं लिहिलंच आहे तर एक सांगून टाकतो. ते दोन दिवस मी लाजून गप्प होतो असं सगळे समजतात. तसं नव्हतं. मायनं सांगितलं तेव्हापासून अख्ख्या जिनात ते एकट्या मलाच माहीत होतं, आणि मला फार बरं वाटत होतं. खिडकीतून त्या बाईच्या बांगड्या फुटताना बघितल्या, तेव्हासुद्धा.

बाहेर आरडाओरडा चाललाय. शेठनं सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली नवी घोडी दावं तोडून पळाली, आणि स्टेशनात मालधक्क्यावर जाऊन रुईच्या गाठींवर चढून उभी आहे म्हणे, कोणाला उतरवता येत नाही. थांबतो आबा, मी पण बघायला जातो.